रोसाआधीची इस्त्री

लग्न आठवड्यावर आलं आणि लेकीच्या केसांपायी फिलोमिनाची झोप उडाली. मांडव, इगर्जीतली, म्हणजे चर्चमधली, फुलं, बँडवाले, कुडाळहून यायचा केक, सगळं जागच्या जागी होतं. जागच्या जागी नव्हते ते एकट्या फेबीचे केस. ते कधीच नसत. कुरळे म्हणावं तर तो शब्द थिटा पडे. दाट, काळेभोर, आणि प्रत्येक बट आपल्या मर्जीची मालकीण. दमट हवेत तर ते असे फुगत की फेबीच्या आधी तिचे केस दारातून आत येत.

फेबीला ते जिवापाड आवडत. कट्टा गावातल्या शाळेत ती शिकवायला होती, पण घरी तिची खरी नोकरी केसांची. ओळखीच्यांकडून गोव्याहून मागवलेला सौम्य शाम्पू, त्यावर ओंजळभर कंडिशनर, मोठ्या दातांचा कंगवा, तोही केस ओले असतानाच, आणि पुसायला टॉवेलऐवजी बापाचा जुना सुती गंजी. टॉवेलाने म्हणे केस पिंजारतात. बापूस प्लासिद बिचारा उघड्या अंगाने गंजी शोधत घरभर फिरे.

"फेस नाय येत तो शाम्पू कसलो?" फिलोमिना विचारी.

"फेसवालो शाम्पू केसांतला तेल ओढून घेता, मम्मी."

"मगे तेल लाव. बाटली भरून आसा."

यापुढे कोणाचंच काही चालत नसे.

फिलोमिनाच्या हट्टामागे एक फोटो होता. तिच्या स्वतःच्या लग्नाचा, बाहेरच्या खोलीत येशूच्या तसबिरीखाली टांगलेला. लेकीला केस आईकडूनच आले होते. त्या फोटोत नवरी हसते आहे, नवरा घाबरला आहे, आणि नवरीची डोक्यावरची जाळीदार व्हेल केसांवर अशी अधांतरी तरंगते आहे की खाली टेकायला तिला जागाच नाही. फोटोग्राफर शेवटी वैतागला असावा, कारण बाजूने कोणाचा तरी हात आत आला आहे आणि तो हात व्हेल दाबून धरतो आहे. हात कोणाचा, याचा निकाल आजवर लागलेला नाही. घरात आलेला प्रत्येक पाहुणा त्या हाताची चौकशी करी, पोट धरून हसे, आणि फिलोमिना त्यालाच पुन्हा चहा करून देई. तो फोटो तिने उतरवून का ठेवला नाही? कारण तेवढा एकच बरा आला होता. बाकीच्यांत तिचे डोळे मिटलेले.

त्या दिवसापासून तिने केसांना तेल चोपडून असा घट्ट अंबाडा घालायला सुरुवात केली की एका बटेलाही पुन्हा उजेड दिसला नाही.

"माझा जावंदे," ती फेबीला म्हणाली, "पण तुझ्या फोटोत कोणाचो हात येवचो नाय. स्मूदनिंग करून घे. शेजारच्या किशोरीन केल्यान, बघ कसे सरळ पडतत."

फेबीने समजावलं, मग ती चिडली, मग अबोला धरला. अबोल्याने घर जास्तच शांत झालं एवढंच. मग तिने जेरीला मध्ये घातलं. जेरी म्हणजे नवरा मुलगा, पणजीच्या हॉटेलात आचारी. माणूस सोन्यासारखा, पण कपाळ दर वर्षी थोडं थोडं वर सरकत चाललेलं. त्याने फोनवर धीर करून सांगितलं, "आंटी, माका ते केस तसेच आवडतत."

"तुका काय कळता केसांतला," फिलोमिना म्हणाली. "तुझ्याकडे आसत काय?"

जेरी त्या विषयात परत पडला नाही.

हे सगळं फेबीने सोसलं असतं. पण एका संध्याकाळी ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली, तर आई चुलीपाशी पाठ करून उभी, आणि पदराने डोळे टिपत होती. नाटक नव्हतं ते. नाटक करताना फिलोमिना समोर तोंड करून रडे. आईचं रडणं खरं होतं आणि आपले केसही खरे होते, आणि लग्नाच्या दिवशी इगर्जीत पाद्रीसमोर दुसऱ्याच कोणाचं डोकं घेऊन उभं राहायचं हे तिला मुळीच मान्य नव्हतं. तेव्हा तिला एक युक्ती सुचली. अशी युक्ती तिच्या वर्गातल्या एखाद्या पोराला सुचली असती, तर तिने त्याला तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं असतं.

"बरां तर," ती म्हणाली. "करतंय स्मूदनिंग."

फिलोमिनाने तिथल्या तिथे छातीवर क्रूस काढला.

कट्ट्याच्या एसटी स्टॉपसमोर अक्षयाचं पार्लर आहे. अक्षया आणि फेबी पहिलीपासून एका बाकावरच्या, त्यामुळे एकमेकींच्या पापांत दोघींची भागी. फेबीने युक्ती सांगितली ती अशी: स्मूदनिंगचं औषध केसांना लावायचंच नाही. नुसत्या गरम इस्त्रीने एकेक बट दाबून सरळ करायची आणि वर थोडं सिरम चोळायचं. बघणाऱ्याला फरक कळत नाही. मात्र इस्त्रीच्या केसांना पाणी लागलं की ते मूळ वळणावर येतात. आणि हे सगळं करायचं गुरुवारी.

"गुरुवारीच कित्याक?" अक्षयाने विचारलं.

"शुक्रवारी रोस मां."

अक्षयाच्या डोक्यात प्रकाश पडला. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ख्रिस्ती घरात नवरीला पाटावर बसवतात आणि नारळाचा घट्ट रस, म्हणजे रोस, तिच्या डोक्यावर ओततात. मादीन, म्हणजे धर्ममाता, पहिली ओतते, मग आईबाप, मग सगळं गोत. मुलीचे कुवारपणाचे दिवस धुऊन निघतात, अशी समजूत. फेबीच्या हिशेबाने त्याबरोबर इस्त्रीही धुऊन निघणार होती, आणि तीही तिच्या हाताने नाही, साक्षात रीतीच्या हाताने. रीतीशी आई कशी भांडेल?

"आणि काकीक कळला तर?" अक्षया म्हणाली. "वाडीतल्यो सगळ्यो नवऱ्यो माझ्याकडे येतत गो. त्या औषधाच्या बाटलीचा काय करू? काकीन पुढे पाठवलेली आसा."

"खणात ठेव. मम्मीक काय्येक कळाचा नाय."

शिकलेल्या माणसाला आपल्या आईबद्दल एवढा भरवसा कुठून येतो, देव जाणे.

गुरुवारी दुपारभर अक्षयाने इस्त्री चालवली. संपली तेव्हा आरशात एक अनोळखी बाई बसली होती. केस दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होते, गुमान, शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या पोरांसारखे. फेबीने मान हलवली तर तेही निमूट हलले. तिला भरून आलं, पण चांगल्या अर्थाने नाही.

घरी फिलोमिनाने लेक दारातच धरली. पुढून बघितली, मागून बघितली, हात फिरवला. तिच्या तोंडावर असं सुख पसरलं की फेबीला आपली शरम वाटली. मग फेबीने पाठ केलेलं वाक्य अगदी साळसूद चेहऱ्याने म्हटलं.

"तीन दिस केसांक पाणी लावूचा नाय, असां अक्षयान सांगल्यान."

फिलोमिनाचा हात थांबला. "तीन दिस? अगो, उद्या रोस."

"अगो बाय, खराच की," फेबी म्हणाली. "ह्या माझ्या लक्षातच इला नाय."

आता आई कपाळाला हात लावेल, अक्षयाच्या नावाने बोटं मोडेल आणि शेवटी म्हणेल, जावंदे, रोस तो रोस. फेबी वाट बघत राहिली. पण फिलोमिनाने फक्त हात काढून घेतला. संध्याकाळच्या तेर्साला, म्हणजे रोजच्या प्रार्थनेला, ती लेकीच्या अगदी मागे बसली, एरवी पुढे बसायची. प्रार्थना संपल्यावर एवढंच म्हणाली, "बघूया काय ता." आणि पेज गाळायला निघून गेली.

शुक्रवारी सकाळी ती बांगडे आणायला म्हणून कट्ट्याला गेली ती थेट जेवणवेळ टळून गेल्यावर आली. डोक्याला रुमाल गच्च बांधलेला आणि पिशवी रिकामी.

"बांगडे?" प्लासिदने विचारलं.

"चांगले नव्हते."

"इतको वेळ लागलो ता कळूक?"

तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो मांडवातल्या खुर्च्या मोजायला गेला. कोणी सांगितल्या नव्हत्या, तरी.

संध्याकाळी मांडव भरला. आनामारी मादीन विजयदुर्गाहून एसटीने आली ती आपले नारळ घेऊन, कारण दुसऱ्याच्या नारळांवर तिचा विश्वास नाही. आनामारी म्हणजे प्लासिदची थोरली बहीण. बाप्तिस्म्याच्या वेळी फेबीला तिनेच हातांत धरलं होतं, म्हणून ती तिची मादीन. आता गुडघे वाकत नव्हते, एसटीच्या पायऱ्या चढताना तिला दोघांनी धरावं लागे, तरी फेबीच्या रोसासाठी ती दोन गाड्या बदलून आली होती. नारळ खोवून, वाटून, पिळून तिने आपल्या हाताने तपेलंभर रोस काढला होता. फेबी जुना झगा घालून पाटावर बसली. बायकांनी रोसाची गाणी धरली. आनामारीने तांब्या भरला. झालं, फेबीला वाटलं, आता एवढा एक तांब्या.

तेवढ्यात फिलोमिना पुढे झाली. रुमाल तसाच गच्च, आणि हातात गुलाबी प्लास्टिकची टोपी, आंघोळीला घालतात तसली.

"रोस गालांक लावा," ती म्हणाली, "हातांक लावा, पायांक लावा. डोक्यार नाय. माझ्या चेडवान केस करून घेतल्यान, पाणी लागूचा नाय."

गाणं मध्येच तुटलं. एका म्हातारीला ऐकू आलं नव्हतं, ती एकटीच अर्धं कडवं पुढे गेली.

"फिलोमिन," आनामारी शांतपणे म्हणाली, "डोक्याक लागणा नाय तो रोस न्हय. ती सोलकढी. सोलकढी वाढूक मी विजयदुर्गासून इलंय नाय." तिने तांब्या खाली ठेवला. "माझी पिशवी खंय आसा?"

आई रीतीशी भांडणार नाही, असं फेबी धरून चालली होती. आई तर रीत टोपीत गुंडाळून ठेवायला निघाली होती. लहानपणापासून फेबीने दुसऱ्यांच्या रोसात नाचून घेतलं होतं, आपली पाळी कधी येते म्हणून दिवस काढले होते. आता मादीन उपाशीपोटी परत जाणार, आणि उद्या आपण कोरड्या डोक्याने आणि दुसऱ्याच्या केसांनी इगर्जीत जाणार. खरं सांगावं, तर मांडवात पन्नास बायका, आणि त्यांच्यात भज्यांची ताटली घेऊन बसलेली अक्षया, पांढरीफटक. तिचं पार्लर या बायकांच्या जिवावर चालत होतं.

टोपी घालायच्या निमित्ताने फिलोमिना लेकीवर वाकली. तिच्या अंगाला कसला तरी उग्र, डोळ्यांत झोंबणारा वास येत होता. पण फेबीला त्या घटकेला वासाचं भान नव्हतं, कारण आई तिच्या कानात बोलत होती.

"किशोरीन औषध लावल्यान तेव्हा दोन दिस आमच्या अंगणापर्यंत वास येय होतो. तुझ्या केसांक काल कसलो वास इलो म्हायत आसा? परटाच्या कपड्यांचो." फिलोमिनाने टोपीचं इलॅस्टिक बोटांनी ताणलं. "सांगतंस सगळ्यांक, काय टोपी घालू?"

म्हणजे तेर्साला मागे बसली ती यासाठी. काल संध्याकाळपासून तिला सगळं ठाऊक होतं, आणि ही भरल्या मांडवात आपला कान धरायला थांबली होती. फेबीला इतका राग आला, आणि त्या रागातही आईचं इतकं कौतुक वाटलं, की तिला हसू की रडू कळेना.

ती पाटावर उभी राहिली. "मादीन, पिशवी ठेव. केसांक औषध लागलेला नाय. नुसती इस्त्री केलंय. मम्मीक फसवूक. अक्षया नको म्हणत होती, तिका मीच भरीक घातलंय."

मग कोपऱ्यातून कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि ते हसू पसरत पसरत मागे भजी तळणाऱ्या आचाऱ्यापर्यंत गेलं. किशोरी तर खुर्चीवरून घसरली. हसली नाही ती आनामारी. तिने फेबीला नीट वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बस खाली," ती म्हणाली. "लबाड खंयची."

आणि ओतला. अख्खा तांब्या, टाळूवर, मधोमध. रोस कपाळावरून, कानांमागून, मानेवरून ओघळला, कोमट आणि गोड वासाचा. मग बापाने ओतला, मग बायका तुटून पडल्या. केसांना जसजसा ओलावा लागला तसतशा त्या दडपलेल्या बटा एकेक करून अंग आखडून घ्यायला लागल्या. आधी कानापाशी एक वळली, मग मानेवर दोन, आणि मग सगळ्यांनीच हिय्या केला. फेबीने डोक्याला हात लावला. आपलंच डोकं होतं. तिला इतका आनंद झाला की तोंडात गेलेला रोस ती गिळून मोकळी झाली.

"आता आवशीक," आनामारी म्हणाली आणि तांब्या पुन्हा भरला. नवरीनंतर तिच्या आईची पाळी, हीही रीतच. त्यात तर जास्त मजा, कारण आई पळते.

फिलोमिनाही पळाली. पण पळताना तिने ती गुलाबी टोपी घाईघाईने आपल्याच डोक्यावर चढवायला घेतली. टोपी रुमालात अडकली, रुमाल सुटला, आणि तीस वर्षं अंबाड्यात कोंडलेले केस सबंध पाठीवर पडले. सरळ. रेशमासारखे सरळ, कंबरेपर्यंत, करड्या-काळ्या रंगाचे. एकही बट कुठे वळलेली नाही. आणि तो उग्र वास मांडवभर सुटला.

सकाळचे बांगडे कुठे गेले, ते सगळ्यांना एकदमच कळलं.

"बाटली फोडलेली होती," फिलोमिना कोणी न विचारताच म्हणाली. "फुकट गेली असती."

"मी फोडूक नव्हतंय," भज्यांच्या ताटलीमागून अक्षया हळूच म्हणाली. "काकीनच फोडल्यान. वर माका गप रव म्हणान सांगल्यान."

लोक हसले, पण आता जरा जपून. प्लासिद तर हसलाही नाही. तो नुसता बघत राहिला, आणि त्याचं तोंड थोडं उघडं राहिलं. फिलोमिना मांडवाच्या खांबाला पाठ लावून उभी होती, दोन्ही हातांत केस धरून. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण चोरी पकडलेल्या मुलीसारखी दिसत होती.

"उद्या फोटो आसत," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की पुढच्या चारजणींनाच ऐकू गेला. "माका पण एक बरो फोटो होयो होतो."

"रीत ती रीत," आनामारी तांब्या घेऊन पुढे सरकली. "आत्ताच सोलकढीची गजाल झाली मां?"

फेबी बघत होती. खरं सांगायचं तर तिच्या मनात आलं, होऊन जाऊ दे. भरल्या मांडवात माझा कान धरलास, घे आता तू पण. तिने फक्त गप्प बसायचं होतं, बाकी सगळं मादीन करणार होती. तिला क्षणभर गुदगुल्याही झाल्या. मग तिचं लक्ष आईच्या हातांकडे गेलं. ते हात केस कुरवाळत होते, अगदी हळू, कोणाचं लक्ष नाही अशा समजुतीने.

ती उठली आणि, अंगावरून रोस गळत होता तशीच, जाऊन आईच्या पुढे उभी राहिली. तिला टेकली नाही; हातभर जागा राखून उभी राहिली, ओल लागू नये म्हणून.

"मादीन, तिचो वाटो माझ्या डोक्यार घाल."

"असो काय नेम नाय," आनामारी म्हणाली.

"घालूचो नाय असो खंय नेम आसा?"

आनामारीने थोडा विचार केला. विजयदुर्गापासून कट्ट्यापर्यंतचे सगळे रोस तिने मनातल्या मनात आठवून बघितले असावेत, आणि असा नेम तिला कुठे सापडला नसावा.

"आवशीचो वाटो मोठो असता," ती शेवटी म्हणाली. "दोन तांबे."

"घाल दोन."

फेबीने डोळे मिटून मान खाली घातली. आनामारीने तांब्या उचलला. तेवढ्यात मागून फिलोमिनाचा आवाज आला, नेहमीचा, हुकूम सोडणारा, फक्त शेवटाला थोडा फाटलेला.

"हळू घाल गो आनामारीबाय, पोरीच्या डोळ्यांत जायत."